चंद्रभूमीचा मोजणीदार : डॉ. यूजीन शूमेकर

खेडेगांवांत विहीर खणावयाची झाली म्हणजे जाणता मनुष्य प्रथम कुदळ हातीं घेत नाहीं; तो जमीन पाहतो. मुरूम कोठें आहे, काळा अभंग पाषाण कोठें वर आला आहे, ओढ्याच्या कांठीं थर कसे उघडे पडले आहेत, हें पाहून मग तो जागा सांगतो. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या खडकांत थराथरांचा भेद मोठा आहे. सच्छिद्र व झिजलेल्या थरांत पाणी सांपडतें. अभंग थरांत कितीही खोल गेलें तरी विहीर कोरडी राहण्याचा संभव असतो. हेंच ज्ञान शास्त्रीय रीतीनें कागदावर उतरविलें, कोणता खडक कोठें आहे, कोणता कोणावर बसला आहे, त्यांत जुना कोणता व नवा कोणता हें रंगांनीं आणि रेषांनीं दाखविलें, म्हणजे भूस्तरांचा नकाशा तयार होतो. धरण, बोगदा, खाण, यांपैकीं कोणतेंही मोठें काम अशा नकाशावांचून हातीं घेणें शहाणपणाचें नव्हे.

जेथें कोणीही मनुष्य गेला नव्हता त्या चंद्राचा असा नकाशा येथें बसून काढतां येईल, आणि तो काढल्यावांचून तेथें जाणें म्हणजे आंधळ्यानें विहीर खणण्यासारखें होईल, असें ज्या गृहस्थांनीं मनांत धरिलें व जन्मभर त्या कामीं देह झिजविला, त्या डॉ. यूजीन शूमेकर यांचें चरित्र आम्ही प्रस्तुत लेखांत आमच्या वाचकांस सादर करीत आहों. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकीं एकाचाही जन्म होण्यापूर्वींच ते निवर्तले. तेव्हां त्यांची ओळख पुन्हां करून देणें अप्रस्तुत होणार नाहीं.

शूमेकर यांचा जन्म २८ एप्रिल १९२८ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं झाला. त्यांच्या मातुश्री शिक्षिका होत्या. बालपणाचीं कांहीं वर्षें बफेलो शहरीं गेलीं. तेथील पदार्थसंग्रहालयानें मुलांकरितां वर्ग चालविले होते, त्यांत या मुलास दगडांचा नाद लागला. पुष्कळ मुलें दगड गोळा करतात आणि दोन महिन्यांनीं तीं पेटी अडगळींत पडते. या मुलाची पेटी तशी पडली नाहीं. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते कॅलिफोर्नियांतील प्रख्यात शास्त्रीय महाविद्यालयांत, म्हणजे ज्यास कॅलटेक म्हणतात तेथें, दाखल झाले, एकोणिसाव्या वर्षीं पदवीधर झाले, आणि १९४८ सालीं अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ-पाहणी खात्यांत नोकरीस लागले.

खात्यानें त्यांस कोलोरॅडो व युटा या प्रांतांत युरेनियमच्या शोधासाठीं धाडिलें. उजाड पठारें, तांबड्या दऱ्या, मैल न् मैल पायपीट, आणि संध्याकाळीं तंबूंत बसून दिवसभराच्या नोंदी नकाशावर चढविणें, असा त्यांचा क्रम असे. याच वर्षीं, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यांच्या मनानें एक विलक्षण निश्चय केला. अग्निबाणांचे प्रयोग त्या सुमारास अमेरिकेंत चालू झाले होते. आपल्या हयातींत मनुष्य चंद्रावर जाईल, तेथें खडक ओळखणारा मनुष्य लागेल, आणि तो मनुष्य आपण व्हावें, असें त्यांनीं ठरविलें. पृथ्वीभोंवतीं फिरणारा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला जाण्यास तेव्हां नऊ वर्षें अवकाश होता. असा विचार चारचौघांत बोलून दाखविला तर लोक हंसतील हें त्यांस ठाऊक असल्यामुळें त्यांनीं तो फारसा बोलून दाखविला नाहीं. १९५१ सालीं त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांचें नांव या लेखांत पुढें पुन्हां येईल.

युरेनियमच्या शोधांत असतां त्यांस ज्वालामुखींचीं जुनीं तोंडें तपासावीं लागलीं. नेवाडा प्रांतांत अणुस्फोटांच्या प्रयोगांनीं जमिनींत पडलेले खड्डेही त्यांनीं पाहिले. या दोहोंच्या अभ्यासानें सिद्ध होऊन ते अ‍ॅरिझोना प्रांतांतील एका प्रचंड विवराकडे वळले. हें विवर सुमारें १.२ किलोमीटर रुंद व १७० मीटर खोल असून त्याचा उगम हा साठ वर्षें वादाचा विषय झाला होता. गिल्बर्ट नांवाच्या मोठ्या भूगर्भशास्त्रज्ञानें १८९१ सालीं तें पाहून, भूगर्भांतील वाफेच्या स्फोटानें तें झालें असावें असा निर्णय दिला. मौज अशी कीं, याच गिल्बर्टनें चंद्रावरील विवरें मात्र बाहेरून येऊन आदळलेल्या पदार्थांनीं झालीं असें पुढें प्रतिपादिलें! १९०३ पासून बॅरिंजर नांवाच्या खाणवाल्या इंजिनियरानें त्याच विवराच्या तळाशीं लोखंडाचा प्रचंड अशनि पुरला आहे अशा श्रद्धेनें छिद्रें पाडण्यास आरंभ केला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो खणीत राहिला, आपली संपत्ति त्यांत घातली, आणि १९२९ सालीं वारला. लोखंडाचा डोंगर कांहीं सांपडला नाहीं. बिचाऱ्याचें मूळ म्हणणें बरोबर होतें, विवर अशनीनेंच झालें होतें. परंतु एवढ्या वेगानें आदळलेला अशनि बहुतेक वितळून व वाफ होऊन जातो, हें त्यास उमगलें नव्हतें.

शूमेकर यांनीं तेथें छिद्र पाडलें नाहीं. त्यांनीं त्या विवराचा नकाशा काढला. त्या प्रदेशांत सर्वांवर तांबूस वालुकाश्म, त्याखालीं पिंवळट चुनखडी व त्याखालीं पांढरा वालुकाश्म असा थरांचा क्रम आहे. विवराच्या कांठावर त्यांस हाच क्रम नेमका उलटा आढळला : पांढरा वर, तांबूस खालीं. पुस्तकाचें पान उलटावें त्याप्रमाणें जमीन मुळापासून उलटून बाहेर पडली होती. अणुस्फोटाच्या एका खड्ड्याच्या कांठींही त्यांनीं तीच रचना पाहिली होती. पुढें १९६० सालीं चाओ व मॅडसेन या सहकाऱ्यांसह त्यांस तेथील वालुकाश्मांत कोसाइट नांवाचें खनिज सांपडलें. गारेवर अतिशय मोठा दाब पडल्यावांचून तें बनत नाहीं, आणि तेथें असा दाब पाडणारें दुसरें कारण संभवत नव्हतें. वाद मिटला.

त्याच उन्हाळ्यांत हें पतिपत्नी जर्मनींतील नोर्डलिंगन गांवीं गेलीं. तो गांव चोवीस किलोमीटरांच्या एका वाटोळ्या सखल मैदानांत वसला आहे, आणि त्या मैदानास लोक ज्वालामुखीचें मुख समजत. जवळच्या खाणींतील दगड शूमेकर यांनीं तपासले, तों त्यांतही कोसाइट! तेथील सेंट जॉर्जचें जुनें देवालय याच दगडाचें बांधलेलें आहे. आकाशांतून पडलेल्या गोळ्यानें घडविलेला दगड हाताशीं होता म्हणून पूर्वजांनीं तो वापरला, आणि कित्येक शतकें त्याच्या सावलींत प्रार्थना केली. तो कोठून आला हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हेंही याच जातीचें. तेंही पूर्वीं ज्वालामुखीचें मानीत. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें आघातानें झाल्याचें ठरलें. तें काळ्या पाषाणांत पडलें आहे, आणि चंद्रावरील काळीं मैदानेंही तशाच जातीच्या पाषाणाचीं आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांस लोणार फार मोलाचें वाटतें.

आतां चंद्राच्या नकाशाकडे वळूं. थरांवर थर बसतात व वरचा तो नवा, हा नियम पृथ्वीवर तीनशें वर्षांपासून माहीत होता. शूमेकर यांनीं तोच दुर्बिणीच्या साहाय्यानें चंद्रास लाविला. कोपर्निकस नांवाच्या विवरापासून पांढऱ्या किरणांसारखे पट्टे सर्व बाजूंस पसरलेले दिसतात. हे पट्टे इरॅटोस्थेनीस नांवाच्या विवरावरून गेले आहेत. म्हणून कोपर्निकस नवें, इरॅटोस्थेनीस जुनें. इरॅटोस्थेनीसमधून उडालेला चुरा काळ्या मैदानावर पडला आहे. म्हणून मैदान त्याहून जुनें. आणि तें मैदान ज्या खोलगट भागांत सांचलें, तो हजार किलोमीटरांहून अधिक रुंद असा इम्ब्रियमचा खळगा त्याहूनही जुना. अशा रीतीनें एकही दगड हातांत न घेतां चंद्राच्या इतिहासाचे कालखंड पाडतां आले. १९६० मध्यें त्यांनीं कोपर्निकसच्या प्रदेशाचा नमुन्याचा नकाशा काढला, आणि हॅकमन या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला या कालगणनेचा निबंध १९६२ सालीं छापला गेला. पुढें अंतराळवीरांनीं आणलेल्या खडकांवरून प्रत्यक्ष वयें निघालीं : मैदानांतील खडक तीन अब्ज वर्षांहून जुने, आणि कोपर्निकसच्या किरणांतील समजला जाणारा चुरा सुमारें ८० कोटि वर्षांचा. नकाशानें क्रम सांगितला होता, खडकांनीं आंकडे पुरविले.

सरकारी खात्यांत या कामाकरितां स्वतंत्र शाखा निघाली, आणि लवकरच ती अ‍ॅरिझोनांतील फ्लॅगस्टाफ गांवीं नेण्यांत आली. तेथें अंतराळवीरांस खडक ओळखण्याचें शिक्षण मिळूं लागलें. १९६३ च्या जानेवारींत त्यांची पहिली तुकडी शूमेकर यांच्याबरोबर विवराच्या कांठावर फिरली. १९६७ सालीं तर गांवाजवळच्या ज्वालामुखीच्या राखेंत सुरुंग लावून चंद्रावरील एका जागेचीं सर्व विवरें नकाशाबरहुकूम पाडण्यांत आलीं, हेतु हा कीं जाणाऱ्याच्या पायांस ती जमीन ओळखीची व्हावी!

परंतु ज्यास जावयाचें होतें त्यास जातां आलें नाहीं. १९६३ सालीं शूमेकर यांस अ‍ॅडिसनचा रोग असल्याचें आढळलें. मूत्रपिंडांवरील ग्रंथि यांत निकामी होतात. औषधानें मनुष्य कामकाज करूं शकतो, पण अंतराळवीरांच्या परीक्षेंत तो उतरत नाहीं. पंधरा वर्षें उराशीं धरलेला निश्चय एका वैद्यकीय निदानानें संपला. दैवाचा खेळ असा कीं, अंतराळवीर म्हणून कोणा शास्त्रज्ञांस घ्यावें हें सुचविण्याकरितां नेमलेल्या मंडळाचें अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच आलें. त्यांनीं तें काम चोख केलें. १९६५ सालीं निवडल्या गेलेल्या सहा जणांत हॅरिसन श्मिट हे फ्लॅगस्टाफ येथें त्यांच्या हाताखालीं काम केलेले तरुण भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि १९७२ च्या डिसेंबरांत चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला भूगर्भशास्त्रज्ञ तोच झाला. आपल्या हातोड्यानें आपण चंद्राचा खडक फोडला नाहीं, याचें शल्य शूमेकर यांस शेवटपर्यंत राहिलें. तें त्यांनीं लपविलें नाहीं, आणि त्यापायीं काम सोडून घरीं बसलेही नाहींत. आम्हांस त्यांच्या सर्व शोधांपेक्षां ही गोष्ट मोठी वाटते.

त्या वेळीं एक प्रश्न फार भेडसावीत होता. चंद्राचीं मैदानें खोल मऊ धुळीनें भरलीं असून त्यांवर उतरणारें यान तींत गडप होईल, असा थॉमस गोल्ड या नामांकित खगोलशास्त्रज्ञानें इशारा दिला होता. शूमेकर यांचें म्हणणें निराळें होतें : आघातांनीं फुटलेल्या दगडमातीचा कांहीं मीटरांचा थर तेथें असावा, आणि त्याखालीं पक्का खडक. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. ३१ जुलै १९६४ रोजीं रेंजर-७ यानानें चंद्रावर आदळण्यापूर्वीं चार हजारांहून अधिक चित्रें पाठविलीं, तरी दोन्ही पक्ष त्यांत आपापलें मत पाहूं लागले. २ जून १९६६ रोजीं सर्व्हेयर-१ अलगद उतरलें. त्याचे पाय कांहीं सेंटिमीटरच रुतले. त्यावरील चित्रयंत्राचें काम शूमेकर यांच्याकडेच होतें. यानाच्या पायाजवळची भुरकट जमीन व तिच्यावर विखुरलेले धोंडे त्यांनीं त्या चित्रांत पाहिले. तीन वर्षांनीं माणसें उतरलीं तीं या भरंवशावर.

अपोलोच्या पहिल्या दोन सफरींत भूगर्भशास्त्रीय कामाची आंखणी शूमेकर यांच्या हातीं होती. परंतु एवढा खर्च करून शास्त्रास वेळ थोडा दिला जातो असें त्यांचें स्पष्ट मत झालें, व तें त्यांनीं उघड बोलून दाखविलें. १९६९ सालीं ते कॅलटेकमध्यें विभागप्रमुख झाले. पुढें पृथ्वीच्या वाटेंत येणाऱ्या लघुग्रहांचा शोध त्यांनीं पालोमार पर्वतावरून चालविला. मुलें मोठीं झाल्यावर कॅरोलिनबाईही, वयाच्या पन्नाशीनंतर, या कामांत शिरल्या आणि त्यांनीं बत्तीस धूमकेतु शोधून काढले. डेव्हिड लेव्ही यांच्यासह १९९३ च्या मार्चांत या दांपत्यास सांपडलेला तुकड्यातुकड्यांचा धूमकेतु १९९४ च्या जुलैंत गुरु ग्रहावर आदळला. आघातांनीं ग्रहांचीं मुखें बदलतात हें जे जन्मभर सांगत आले, त्यांनीं तो आघात दुर्बिणींतून पाहिला. या धूमकेतूनें त्यांचें नांव घरोघर झालें. पण आमच्या विषयाशीं त्याचा संबंध थोडा, म्हणून आम्ही पुढें जातों.

त्याच वर्षीं, १९९४ सालीं, क्लेमेंटाइन नांवाचें यान दोन महिने चंद्राभोंवतीं फिरलें. त्याच्या शास्त्रज्ञ-मंडळाचे शूमेकर हे प्रमुख होते. यानानें अकरा निरनिराळ्या रंगतरंगांत चंद्राचीं लाखों चित्रें घेतलीं, आणि त्यांवरून लोह व टायटॅनियम कोठें अधिक आहे हें प्रथमच जवळजवळ सबंध चंद्राकरितां दाखवितां आलें. कोणता थर कोठें एवढेंच नव्हे, तर त्यांत काय भरलें आहे, हेंही आतां नकाशावर येऊं लागलें.

याचा उपयोग काय, असें आमचे पालक विचारतील. चंद्रावर घर बांधावयाचें तर पृथ्वीवरून वीट नेणें परवडत नाहीं. सामानाच्या प्रत्येक किलोग्रॅमास अतोनात खर्च येतो. जें लागेल तें शक्य तों तेथेंच मिळविलें पाहिजे. तेथील मातीच्या वजनांत चाळीस टक्क्यांहून अधिक प्राणवायु आहे, परंतु तो खनिजांत जखडलेला. काळ्या मैदानांतील इल्मेनाइट नांवाच्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांतून तो काढणें तितकेंसें कठीण नाहीं; तेव्हां तें विपुल कोठें आहे हें नकाशाच सांगणार. डोंगराळ भागांतील फिकट खडकांत अ‍ॅल्युमिनियम पुष्कळ. घरावर मातीचा जाड थर घातला तर अंतराळांतील घातक किरण अडतात. मग ती माती सैल व पुरेशी खोल कोठें आहे? उतरणाऱ्या यानाच्या झोतानें धूळ व खडे दूरवर उडतात, म्हणून उतरण्याची जागा घट्ट करावी लागेल. मग सपाट, धोंडे नसलेली जमीन कोणती? विहीर खणणाऱ्याचेच हे प्रश्न, केवळ जागा दूरची.

आणि पाणी? चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगतच फिरतो. त्यामुळें कांहीं विवरांच्या तळाशीं ऊन कधींच पडत नाहीं. तेथील थंडी उणे १६० अंशांच्याही खालीं जाते. त्यांच्याच शेजारीं कांहीं उंच कडे असे आहेत कीं, तेथें वर्षाचा बहुतेक काळ ऊन असतें. कड्यावर विजेसाठीं ऊन, आणि खालीं अंधारांत बर्फ असल्यास पिण्यास पाणी, श्वासास प्राणवायु, यानास इंधन. क्लेमेंटाइनच्या रेडिओलहरींच्या प्रयोगानें तेथें बर्फ असावा अशी शंका उत्पन्न केली. १९९६ सालीं ती प्रसिद्ध झाली तेव्हां सर्वांनाच ती पटली नाहीं.

त्या शंकेचें निरसन पाहणें शूमेकर यांच्या नशिबीं नव्हतें. १८ जुलै १९९७ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांत विवरांची पाहणी करीत असतां मोटारींच्या टकरीनें त्यांस मृत्यु आला. कॅरोलिनबाई जबर जखमी झाल्या, परंतु वांचल्या. त्या पुढें २०२१ सालीं निवर्तल्या.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या, डॉ. कॅरोलिन पोर्को यांच्या, खटपटीनें त्यांच्या अस्थींची थोडीशी रक्षा एका लहानशा कुपींत घालून ल्युनर प्रॉस्पेक्टर यानांत ठेवण्यांत आली. तें यान १९९८ च्या जानेवारींत निघालें. या गोष्टीस नावाहो लोकांच्या अध्यक्षांनीं हरकत घेतली. चंद्र हा त्यांस पवित्र, त्यावर मृताची रक्षा टाकणें त्यांस अनुचित वाटलें. ज्या पठारांवर शूमेकर यांनीं तारुण्य घालविलें त्यांपैकीं कित्येक याच लोकांचीं. तेव्हां ही हरकत क्षुल्लक नव्हती. नासा संस्थेनें दिलगिरी प्रदर्शित केली व पुढें असें करण्यापूर्वीं विचारूं असें आश्वासन दिलें. यान मात्र निघून गेलें होतें.

त्या यानानें दोन्ही ध्रुवांजवळ हायड्रोजनचें प्रमाण अधिक असल्याचें दाखविलें. काम संपल्यावर, ३१ जुलै १९९९ रोजीं, म्हणजे रेंजर-७ आदळल्यास बरोबर पस्तीस वर्षें झालीं त्या दिवशीं, तें दक्षिण ध्रुवाजवळच्या एका अंधाऱ्या विवरांत मुद्दाम आदळविण्यांत आलें; उडालेल्या धुराळ्यांत पाण्याची वाफ दिसावी हा उद्देश. वाफ दिसली नाहीं. चंद्रावर जाऊं इच्छिणारा मनुष्य मात्र चंद्रावर पोंचला, आणि त्या विवरास पुढें शूमेकर हें नांव मिळालें. तें सुमारें ५० किलोमीटर रुंद आहे.

पुढील हकीकत आमच्या देशाशींही संबंध ठेविते. १४ नोव्हेंबर २००८ रोजीं चंद्रयान-१ मधून सुटलेली तिरंगांकित पेटी शॅकल्टन विवराजवळ, म्हणजे याच टापूंत, आदळली. त्याच यानावरील अमेरिकन उपकरणानें चंद्राच्या मातींत पाण्याचे अंश असल्याचें २००९ सालीं जाहीर झालें. आणि त्याच वर्षीं ९ ऑक्टोबरास कॅबियस विवरांत पाडलेल्या दुसऱ्या एका यानाच्या धुराळ्यांत पाणी स्पष्ट दिसलें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ दक्षिणेकडे सुमारें ६९ अंशांवर उतरलें, व त्याच्या लहान गाडीनें तेथील मातीचें पृथक्करण केलें.

२०२० सालीं त्याच फ्लॅगस्टाफच्या कचेरीनें सबंध चंद्राचा एकत्र भूस्तर-नकाशा प्रसिद्ध केला. जमिनीवरील पन्नास किलोमीटर त्यांत एक सेंटिमीटर होतात. कालखंडांचीं नांवें बहुतांशीं १९६२ च्या निबंधांतलींच आहेत. वस्तीची जागा ठरविण्यास याहून पुष्कळ बारीक नकाशे लागतात, आणि ध्रुवाजवळचे तसे नकाशे काढण्याचें काम चालू आहे. शूमेकर विवराच्या तळाशीं ऊन पडत नसल्यामुळें तेथील चित्रें शेजारच्या उजळ कड्यांवरून परतणाऱ्या अंधुक प्रकाशांत घ्यावीं लागतात. त्याकरितां मुद्दाम केलेलें एक चित्रयंत्र २०२२ सालीं कोरियाच्या यानावरून धाडण्यांत आलें.